बाणकोटचा टप्पा

बाळाराम, बोट तयार होती. दिवाळी झाल्यावर दुसऱ्या रविवारीच तयार होती. तळ खरवडून रंग मारून झाला होता, डोलकाठीच्या तारा आवळून झाल्या होत्या, आतलं पाणी उपसायचा पंप चालत होता, आणि दिघीच्या खाडीत ती नांगरावर उभी होती. शीड चढवायचं आणि निघायचं, एवढंच बाकी होतं. तुला मात्र मी सांगितलं, अजून दोन आठवडे लागतील. दोन आठवडे झाल्यावर म्हटलं, अजून दोन. असं करत मी तीन महिने काढले आणि माघात तू गेलास.

हे पहिल्यांदा सांगून टाकतो. दुसरं काही बोलायला लागलो की मी फाटे फोडत बसतो, माहीत आहे तुला. तालुक्याच्या मोजणी खात्यात तीस वर्षं काढली मी. कोणाच्याही बांधावर उभं राहून 'हे याचं, ते त्याचं' असं तोंडावर सांगायला कधी कचरलो नाही. खालापुरात माझ्याइतका फटकळ मोजणीदार झाला नाही, असं तूच चारचौघांत सांगायचास. त्याच माणसाची तुझ्यासमोर दातखीळ बसली.

आपली ओळख झाली ती जीपच्या हुडापायी. ऑफिसची जीप, हूड फाटका, साहेबांच्या मांडीवर पावसाची धार, म्हणून मला चौक गावाला पिटाळलं होतं. जुन्या हायवेला, गॅरेजांच्या रांगेत तुझं दुकान. ट्रकच्या ताडपत्र्या, सीटकव्हरं, भात झोडायला अंथरायची कापडं, असलं सगळं तू शिवायचास. हूड उलटापालटा करून बघितलास आणि म्हणालास, "आदी कोनी शिवलंय हे? त्याला बसवा पावसात." मला हसू आलं आणि मी तिथेच स्टुलावर बसलो. तू शिवत होतास, मी बडबडत होतो, आणि परत गेलो तेव्हा ऑफिस बंद व्हायला आलं होतं.

बोट सापडली ती कर्जतला, डोंगराच्या पायथ्याशी. लोकांना हे खोटंच वाटतं. मुंबईच्या एका गृहस्थांचं फार्महाउस, आणि मागच्या अंगणात आंब्याखाली ओंडक्यांवर चढवलेली फायबरची शिडाची बोट, चार जण जेमतेम मावतील एवढी. हौसेने घेतलेली, मग हौस फिटलेली. त्यांनी तुला बोलावलं होतं तिच्यावर झाकण शिवायला. तू तिथून मला फोन केलास, "तुझी टेप घेऊन ये." मी विचारलं, काय मोजायचंय? "बोट हाय." मला वाटलं, आज भर दुपारीच बसलास की काय. महिनाभरात तू त्या गृहस्थांच्या गळी उतरवलंस की नुसती झाकून ठेवलेली बोट ठेवायचीच कशाला. घेऊन जा म्हणाले, अंगण तरी मोकळं होईल.

ट्रकवर चढवून आपण ती काढली. खालापुरावरून खोपोली, तिथून पेणच्या रस्त्याने धरमतरची खाडी. शिळफाट्याला गर्दीत अडकलो तेव्हा भाजीवाल्या बायका टोपल्या सोडून बघायला आल्या. एकीने विचारलं, "कुठं चालवनार रं ही, भातात?" तू वरून म्हणालास, "आदी पाऊस पडू दे, मावशी, मंग सांगतो." तू मागे बोटीत ऐटीत बसला होतास. मी पुढे ड्रायव्हरशेजारी जीव मुठीत धरून, दोर सुटला तर काय, वळणावर कलंडली तर काय. आपल्या दोघांचं पुढेही असंच चाललं.

दर हिवाळ्यात एक टप्पा. धरमतर ते मांडवा, मग रेवदंडा, मग जंजिऱ्यासमोरून राजपुरीच्या खाडीत दिघीला. टप्पा संपला की बोट तिथल्या एखाद्या होडीवाल्या तांडेलाच्या हवाली करायची, पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवायची, आणि दिवाळीनंतर पुढच्या टप्प्याची तयारी. यंदाचा टप्पा बाणकोट होता. श्रीवर्धन, हरिहरेश्वर मागे टाकायचं आणि सावित्रीच्या मुखाशी रत्नागिरीच्या हद्दीत शिरायचं. ते तुझ्या डोक्यात बसलं होतं. "सगळा जन्म एका जिल्ह्यात काढला रं. त्याची हद्द एकदा शिडावर वलांडायची." मी म्हणायचो, एसटीत बस, संध्याकाळपर्यंत ओलांडशील. "यष्टीत झोप लागते. हद्द कोनाला दिसते?" आणि वर मला चिमटा, "पान्यात हद्दीचा दगड कुठं मारशील, मोजणीदार?"

बोटीचं नाव राहिलं ते राहिलंच. तुला तुझ्या आईचं नाव द्यायचं होतं, मी म्हणायचो माझ्या आईने काय घोडं मारलंय. एका अंगाला एक, दुसऱ्या अंगाला दुसरं, असाही तोडगा निघाला होता. दिघीचा तांडेल म्हणाला, मग बुडताना हाक कुणाच्या नावाने मारायची? त्यावर आपण तिघे हसलो आणि रंगाचा डबा तसाच झाकून ठेवला. आता भांडायला तू नाहीस, आणि तुझ्यामागे हे भांडण जिंकण्यात मला काही राम वाटत नाही.

तुझा एक नियम होता, ताडपत्रीच्या धंद्यातला. शिवणाऱ्याने आपली शिवण आपण तपासायची नाही. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून दुसऱ्याने हात फिरवायचा. बोटीवरही तेच. तू दोर बांधलास की गाठ मी ओढून बघायची. मी नांगराची साखळी जोडली की तू पाना लावून बघायचास. दोघांचा हात फिरल्याशिवाय 'तयार' म्हणायचं नाही. यंदा खोटं बोलताना मी या नियमाआड लपलो. मनात म्हणायचो, बाळारामचा हात फिरलेला नाही, म्हणजे नियमाने बोट तयार नाहीच. सरकारी माणूस मी, शब्दाचा कीस काढून सुटायची सवय.

गणपतीच्या आधी तुला दम लागायला लागला. पनवेलचे डॉक्टर म्हणाले, हृदयाचं पंपिंग कमी झालंय. तू दुकानाला कुलूप लावलंस आणि मशीन घरी ओटीवर आणून ठेवलंस. गोळ्यांनी दिवाळीपर्यंत जरा उभा राहिलास आणि लगेच विषय काढलास, बाणकोट. मी म्हटलं, तयारी मी करतो, तू आराम कर. दर रविवारी चार तासांचा रस्ता तुडवून मी दिघीला जायचो आणि सोमवारी चौकाला येऊन तुला हकिगत सांगायचो. पहिल्या दोन रविवारांची हकिगत खरी होती.

मग सुरू झालं. साखळी गंजलीय. पंप पाणी ओढत नाही. सुकाणू घट्ट झालंय. पण माझ्या थापांनाही तू काम काढायचास. दोर झिजलाय म्हटलं तर म्हणालास, "घेऊन ये, टोक विनून देतो." आता आली का पंचाईत? धडधाकट दोर तुझ्यापुढे कसा टाकायचा? मी तो दगडावर घासला, बाळाराम. दिघीच्या धक्क्यावर, साठी उलटलेला माणूस, चांगला दोर दगडावर घासत बसलो होतो.

डिसेंबरात माझी कारणं संपली. तेव्हा मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. बोटीत बसून, भर दुपारी, ब्लेड घेतलं आणि मोठ्या शिडाची मधली शिवण हातभर उसवली. तुझ्या हातची शिवण. तांडेल शेजारच्या होडीतून बघत होता. तो तोंड फिरवून जाळं आवरत बसला. मी शीड गुंडाळून चौकाला आणलं आणि म्हटलं, वाऱ्याने फाटलं. नांगरावरच्या बोटीचं शीड घडी घालून पिशवीत असतं, ते वाऱ्याने फाटेल कसं, हेही माझ्या टाळक्यात आलं नाही.

तू ते मांडीवर घेतलंस, अंगठा शिवणीवरून हळूहळू नेलास. मग म्हणालास, "दिघीचा वारा लय शाना हाय रं. बरोबर टाका बघून तोडतोय." मी हसलो. तूही हसलास. सुमनवहिनींनी चहा आणला आणि आपण दुसरंच काही बोलत बसलो.

वाऱ्याने फाटतं तेव्हा कापड फाटतं, टाक्याच्या शेजारून, आणि दोरा शाबूत राहतो. हे तूच मला दाखवलं होतंस. काशीदच्या समोर, रेवदंड्याहून येताना, वाऱ्याच्या एका झपाट्यात पुढचं लहान शीड फाटलं होतं. मी सुकाणूला लटकलो होतो आणि मला माहीत असतील नसतील तेवढे सगळे देव आठवत होते. तू मांडी घालून बसलास, तळहाताला चामड्याची पट्टी बांधलीस, दाभण काढलास आणि हलत्या बोटीत शिवायला घेतलंस. मध्येच मला जवळ बोलावून फाटलेली कड दाखवलीस. "बघ, माझा टाका सुटला नाय. कापड हरलं." मी ओरडलो, मला काय करायचंय तुझ्या टाक्याचं, आधी वाचव. तू म्हणालास, "मंग समोर बघ आनि सुकान धर." मला पोहता येत नाही. तरी त्या दिवशी संध्याकाळी जंजिऱ्यासमोरून गेलो तेव्हा मला वाटलं, अजून कितीही लांब जाऊ. असं मला आयुष्यात दुसऱ्या कुणी वाटायला लावलं नाही. आमची ही म्हणते, नदीला पाणी दिसलं की पूल शोधणारा माणूस बाळारामभावजींनी समुद्रात नेला. खरं आहे. तुझे उपकार मानावेत असं खूप आहे, पण ते मानायला बसलो की ते ब्लेड आठवतं.

ती हातभर शिवण घालायला तुला नऊ दिवस लागले. एरवी चहा निवायच्या आत झाली असती. दहा टाके घातलेस की आडवा व्हायचास, उशी पाठीशी घेऊन परत बसायचास. मी ते बघितलं. समोर बसून बघितलं, आणि तरी गप्प राहिलो.

जानेवारीत तुला दोन-चार दिवस बरे आले. त्यातल्याच एका संध्याकाळी वहिनी मला पडवीत म्हणाल्या, "भावजी, घेऊन जावा त्यांना. डाक्टर हो म्हनलेत. बानकोट नाय तर नाय, हरिहरेश्वरापर्यंत तरी न्या. मी गाडी करून रस्त्यानं येते, किनाऱ्यावर थांबते. काय झालं तर मी हाय." आत खाटेवर तू जागा होतास, तुला सगळं ऐकू जात होतं. डॉक्टरांचा होकार होता, बायकोचा होकार होता, वारा चांगला होता. अडवायला जगात कोणी उरलं नव्हतं, फक्त मी होतो. मी म्हटलं, सुकाणूचा खिळा तुटलाय, नवीन करायला टाकलाय. आतून तुझा आवाज आला, "बरं. झाला की सांग."

मी स्वतःची समजूत घालायचो की हे सगळं तुझ्या काळजीपोटी. ते खरं नाही. मला भीती वाटत होती. आपण किनाऱ्यापासून लांब आहोत आणि तुला काहीतरी झालं, तर मी सुकाणू धरू की तुला धरू? आणि त्याहून वाईट म्हणजे, लोक काय म्हणतील ही भीती होती. आजारी माणसाला समुद्रात नेऊन मारलं म्हणतील. चौकातल्या चार रिकामटेकड्यांचं बोलणं मला तुझ्या एका इच्छेपेक्षा जड वाटलं. याची मला लाज वाटते आणि आता ती जायची नाही.

तू गेलास त्या सकाळी मी खोपोलीत होतो. बोटीच्या छोट्या इंजिनाला प्लग घ्यायला. जुना प्लग चांगला होता. तुला दाखवायला काहीतरी हातात हवं, म्हणून घेत होतो. दुकानात उभा असताना वहिनींचा फोन आला.

दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागे सरतायत तोवर आला. सगळे म्हणाले, माणूस तृप्त गेला, काही मागे राहिलं नाही. मी घाटाच्या पायरीवर जाऊन बसलो. जेवणं झाल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या आणि शांतपणे विचारलं, "भावजी, बोट खरंच तयार नवती का?" आसपास कोणी नव्हतं. मी म्हटलं, "नव्हती, वहिनी." म्हणजे तू असताना खोटं बोललो आणि तू गेल्यावरही बोललो.

तेराव्यानंतर दिघीला गेलो. होडीतून बोटीवर गेलो आणि सगळं पुन्हा तपासलं. नांगर, साखळी, तारा, शीड. तपासायला काही नव्हतं, सगळं जागच्या जागी होतं. पहाटेचा मतलई वारा अजून थांबला नव्हता, जमिनीवरून गार येत होता. तांडेल म्हणाला, "साहेब, चला, मी येतो सोबत. दुपारचं वारं धरलं तर अंधाराच्या आत बाणकोट." मी म्हटलं, आधी चौकात एक काम आहे. तो म्हणाला, "ते करूनच या मग." त्याला कळलं असावं, ब्लेड त्याने पाहिलं होतं.

परवा दुपारी तुझ्या घरी गेलो. वहिनी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. मशीनवर कापड घातलेलं होतं. बसलो तर जीभ वळणार नाही हे ठाऊक होतं, म्हणून दारातच उभं राहून बोललो. "वहिनी, बोट तयार होती. दिवाळीपासून तयार होती. मी तुमच्याशीही खोटं बोललो."

त्यांचा हात थांबला नाही. "म्हाईत हाय," म्हणाल्या. "बसा."

मी विचारलं, त्याला माहीत होतं?

"शीड आनलंत त्याच दिशी मला बोलले. फाटलं नाय गं, कापलंय. मी चिडले. म्हटलं, येऊ देत सोमवारी, तोंडावरच विचारते. तर मला गप केलं. त्याला काय विचारू नको म्हनले, घाबरलाय तो. आपनच सांगंल."

मी म्हटलं, मग जानेवारीत तुम्ही मला म्हणालात, घेऊन जा म्हणून?

"त्यांनीच बोलायला लावलं. तू इषय काढ म्हनले, म्हंजे त्याला सांगायला सोपं जाईल. दहाव्याला मात्र मी माझ्या मनानं विचारलं. म्हटलं, आता तरी बोलतील." त्यांनी पदराने हात पुसले. "तुमी सांगितलं असतं तर काय करनार होते, ठावं हाय? येनार नवते ते. डाक्टर हो म्हनूदे, त्यांचं त्यांना कळत होतं. तुमाला तांडेलासंगं लावून देनार होते. हद्द लागली की फोन कर म्हननार होते. सोमवारी तुमी यायच्या आदी फोन चार्जिंगला लावून ठेवायचे आनि उठून बसायचे. आज बोलंल म्हनायचे."

बाळाराम, तीन महिने दर सोमवारी मी तुझ्यासमोर येऊन बसलो. कधी दोर आणला, कधी पंप, कधी शीड. जे आणलं ते तू मांडीवर घेतलंस, आणि हातातलं काम सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. मला वाटायचं, दमलास म्हणून बघतोस.